जिनाखालचा घाम बाहेर कुठून पडणार? गरम हवेसाठी सॅडल पॅडची निवड

तंग, म्हणजे पोटाखालून जीन बांधणारा पट्टा, सोडून जीन उचललं की लगेच तळहात घोड्याच्या पाठीवर ठेवा. मानेवरचा आणि बरगड्यांवरचा घाम वाऱ्याने बराचसा सुकलेला असतो. जिनाखालची जागा मात्र ओलीचिंब असते, केस चपट बसलेले असतात आणि कातडी आजूबाजूपेक्षा स्पष्टपणे गरम लागते. जिनाखाली पॅड कोणतं घ्यावं याचा सगळा विचार या ओल्या पट्ट्यापासून सुरू करायचा.

घोडा मुख्यतः घामावर गार होतो. काम करताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग उष्णता बनतो. ती बाहेर टाकण्यासाठी कडक उन्हात जोराचं काम करणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतो. मात्र तो उडायला हवा. पोटाखालून टपकलेला किंवा कापडात अडकून राहिलेला घाम घोड्याला जवळपास काहीच गारवा देत नाही, उलट अंगातलं पाणी आणि मीठ तेवढं घेऊन जातो.

जीन घोड्याच्या अंगाचा लहानसाच भाग झाकतं. त्यामुळे कुठलंही पॅड अख्ख्या घोड्याला गार करत नाही. सावली, पाणी, कामाची वेळ आणि कामाचा जोर यांचं वजन कितीतरी जास्त असतं. पॅडने तीन गोष्टी करायच्या असतात: कातडीवरचा घाम हलवायचा, कोंडलेल्या उष्णतेला वाट द्यायची आणि ओल्या कातडीवर घासणं कमी ठेवायचं. भिजून मऊ पडलेली कातडी कोरडीपेक्षा लवकर सोलवटते, म्हणून तिसरं काम उन्हाळ्यात फार मोलाचं ठरतं.

घामाची वाटही नीट समजून घ्यायला हवी. पॅडच्या वर चामड्याची गच्च भरलेली गादी आणि तिच्यावर स्वार असतो. त्या बाजूने वाफ बाहेर पडत नाही. राहतात दोन वाटा: आडवी, म्हणजे कापडातून पॅडच्या कडेपर्यंत, आणि मधली, म्हणजे जिनाच्या डाव्या-उजव्या गाद्यांमधल्या पन्हळीतून पाठीच्या कण्यावरून पुढे-मागे. दुकानात हातात धरून फुंकर मारली की आरपार जाणारं कापड जिनाखाली तितकंच हवेशीर राहील, असं म्हणूनच नाही. पॅड दाबलेलं असताना घाम आडवा किती सरकतो, हा खरा प्रश्न आहे.

आधी बसवणूक, मग कापड

उत्तमातलं उत्तम कापड चुकीच्या आकारात शिवलेलं असेल तर त्याचा उपयोग होत नाही. पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

१. पॅडची वरची शिवण सरळ रेषेत आहे की घोड्याच्या खांद्यावरच्या उंचवट्याप्रमाणे कमानदार, हे पाहा. सरळ कापलेलं पॅड चालता चालता उंचवट्यावर ताणून बसतं, पन्हळ बंद करतं आणि हवेची मधली वाट संपते.

२. जीन ठेवल्यावर पॅड बोटांनी वर, पन्हळीत ओढून घ्या. तंग आवळल्यावर आणि स्वार बसल्यावर पुन्हा तपासा. उंचवटा आणि जिनाची पुढची कमान यांच्यात दोन ते तीन बोटं सहज जायला हवीत आणि मागून पाहिलं तर पन्हळीतून उजेड दिसायला हवा.

३. जिनाच्या कडेबाहेर पॅड चहूबाजूंनी २ ते ५ सेंटीमीटर निघालं पाहिजे. याहून कमी असेल तर पॅडची शिवण थेट गादीखाली येते आणि घासते. फार जास्त असेल तर मोकळी राहू शकणारी कातडी विनाकारण झाकली जाते. बाहेर निघालेली कड हीच घाम उडण्याची जागा आहे, म्हणून ती अगदी नसणंही वाईट.

४. जाडी जिनाच्या मापाशी जुळवा. पातळ कापडावर नीट बसणाऱ्या जिनाखाली जाड पॅड घातलं की जीन अरुंद होतं आणि उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना चिमटा बसतो. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी गुराख्यांच्या पद्धतीच्या, जिनाची गोष्ट वेगळी आहे. त्याखाली साधारण १९ ते २५ मिलिमीटर जाडीचा नमदा (तंतू दाबून केलेलं जाड कापड) गृहीतच धरलेला असतो.

कापडांचा खरा स्वभाव

लोकरीचा नमदा. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतका ओलावा वाफेच्या रूपात आत घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. सर्वसाधारण हवेत लोकरीत सुमारे १६ टक्के, सुतात ८ टक्के आणि पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा असतो. यावरून हा फरक किती मोठा आहे ते कळेल. नमदा ओला झाला तरी चपटा होत नाही, दाब गेला की पुन्हा फुगतो आणि घाम आडवा पसरवतो. त्याचे दोषही सांगायला हवेत. जाड नमदा उष्णता धरून ठेवतो, भिजला की जड होतो आणि सुकायला वेळ घेतो. लोकर ओलावा शोषताना स्वतः थोडी उष्णताही सोडते. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत नमदा सर्वांत गार लागणार नाही. दोन-तीन तासांनंतर कातडी धड ठेवणाऱ्या कापडांत मात्र त्याचा क्रमांक वरचा आहे.

नमद्यात भेसळ फार असते. शिवणीजवळचे चार-सहा तंतू उपटून, चिमट्यात धरून, घोडे आणि गवत यांपासून लांब जाळून बघा. लोकर जळालेल्या केसांसारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम तंतू आक्रसून वितळतो आणि मागे कडक मणी राहतो. थोडा मणी आणि थोडी राख असेल तर तो मिश्र नमदा समजा.

मेंढीचं कातडं. उभ्या लोकरीमुळे केसांच्या मुळांशी हवा खेळते आणि घासणं कमी होतं. इथे लोकरीची दाटी सर्वांत महत्त्वाची असते. लोकर दोन बोटांनी फाकवा: मुळाशी कातडं चटकन दिसलं तर लोकर विरळ आहे आणि स्वाराच्या वजनाखाली ती चपटी होणार. मागची बाजू विणलेल्या कापडाची असेल, तर ती कृत्रिम लोकर आहे. ती सुरुवातीला मऊ असते, पण तिच्या गाठी होतात आणि ती ओलावा तंतूत घेत नाही. पन्हळीच्या जागी लोकर न लावता मोकळी पट्टी सोडलेलं पॅड उन्हाळ्यासाठी जास्त बरं.

सूत. पातळ, शिवलेल्या चौकटींचं सुती पॅड तीस-चाळीस मिनिटांच्या हलक्या कामासाठी अगदी चांगलं आहे. ते घाम पटकन घेतं, धुवायला सोपं असतं आणि कातडीला क्वचितच त्रास देतं. अडचण ते पूर्ण भिजल्यावर सुरू होते. सूत पाणी तंतूत धरून बसतं, पाठीला चिकटतं, त्याच्या सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती गादीखाली दोरीसारखी रुतते. लांब रपेटीला एकटं सुती पॅड देऊ नये.

घाम ओढणारं पॉलिएस्टर. हा तंतू स्वतः पाणी पीत नाही. तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं सरकतं. म्हणून ते लवकर पसरतं आणि लवकर सुकतं. पण वातीचं दुसरं टोक मोकळ्या हवेत हवं. अस्तर घाम ओढणारं आणि कडेची पट्टी प्लास्टिकसारख्या घट्ट कापडाची, असं पॅड पुष्कळ वेळा दिसतं. त्यात घाम कडेपर्यंत येऊन थांबतो. कडेची गोट कोणत्या कापडाची आहे, हे मुद्दाम तपासा.

दोन पदरी जाळी. वर-खाली विणलेले दोन पदर आणि त्यांना जोडणारे उभे, ताठ धागे, अशी तिची रचना असते. मधल्या पोकळीतून हवा आडवी जाऊ शकते, आणि चालताना जीन वर-खाली होतं तेव्हा ती थोडी आत-बाहेर ढकलली जाते. दमट हवेत आणि दिवसातून दोनदा जीन चढणार असेल तेव्हा हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. फक्त उभे धागे दणकट हवेत. मऊ जाळी पहिल्याच दिवशी दबून कागदासारखी होते. शिवाय खरखरीत जाळी थेट केसांवर घासते, म्हणून कातडीकडचा पदर बारीक विणीचा बघा.

निओप्रीन (एक कृत्रिम रबर) आणि बंद पेशींचा फोम, म्हणजे ज्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात असा. यांतून पाणीही जात नाही आणि वाफही जात नाही. जीन सरकू नये म्हणून यांची पकड छान असते, धक्काही शोषला जातो, पण उन्हाळ्यात घाम आणि उष्णता दोन्ही कोंडतात. काही घोड्यांच्या कातडीवर पुरळही येतं. भोकं पाडलेलं निओप्रीन थोडं बरं असतं, पण वर चामड्याची गादी टेकली की बहुतेक भोकं बंदच होतात. गरम हवेत थेट पाठीवर याचा थर टाळावा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो. थंड दुकानात बोटाखाली छान वाटलेला फोम गरम पाठीवर पूर्ण दबतो आणि जिथे आधार हवा तिथेच नाहीसा होतो.

जेल आणि ‘थंडावा देणारी’ पॅड. जेलला हात लावला की गार लागतं, कारण ते हाताची उष्णता पटकन ओढतं. पाठीच्या तापमानाला पोहोचलं की तो गारवा संपतो, आणि मग राहतो वाफ न सोडणारा एक जड थर. उष्णता शोषून वितळणारा मेणासारखा पदार्थ भरलेल्या पॅडचंही गणित मांडून बघण्यासारखं आहे. असा पदार्थ वितळताना किलोला साधारण २०० किलोज्यूल उष्णता घेतो. पॅडमध्ये तो २०० ग्रॅम असेल तर एकूण ४० किलोज्यूल. तेवढंच काम सुमारे १७ मिलिलिटर घाम उडून जाताना करतो, म्हणजे जेमतेम साडेतीन चहाचे चमचे. शिवाय पुन्हा गार करेपर्यंत तो पदार्थ काही करत नाही. चार चमचे घामाला वाट मोकळी करून देणारं साधं पॅड त्याच्या बरोबरीला येतं, आणि ते दिवसभर काम करत राहतं.

बांबूचं म्हणून विकलं जाणारं कापड प्रत्यक्षात बहुधा व्हिस्कोस, म्हणजे लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला तंतू, असतं. ते मऊ असतं, पाणी भरपूर पितं, पण ओलं असताना कमजोर होतं. अस्तर म्हणून ठीक आहे.

रंगाची चर्चा फार होते. ऊन फक्त बाहेर निघालेल्या कडेवर पडतं, त्यामुळे काळ्या-पांढऱ्याचा फरक किरकोळ असतो. फिक्या रंगाचा खरा फायदा असा की घामाचे डाग, रक्ताचा ठिपका किंवा केसांचा झुबका लगेच दिसतो.

आत काय भरलंय ते विचारा

खोगीरभरती हा शब्द आपण फुकटच्या भरण्यासाठी वापरतो, पण घोड्याच्या पाठीचं सुख त्या भरण्यावरच अवलंबून असतं. ‘कॉटन’ असं लिहिलेलं पॅड पुष्कळदा फक्त बाहेरून सुती असतं आणि आत फोमचा थर किंवा पॉलिएस्टरचा कापूस असतो. अस्तर, भरण आणि वरचं कापड यांची नावं वेगवेगळी विचारा. मध्ये बंद फोम असेल तर अस्तर कितीही घाम ओढणारं असो, घाम त्याच थरात फिरत राहतो. पॅड चिमटीत धरून थर एकमेकांवर सरकवून बघा. थर चिकटवलेले असतील तर डिंकाचा सलग पापुद्राही वाफ अडवतो. ठिपक्यांनी किंवा शिवणीने जोडलेले थर चांगले.

घरी करायच्या चार चाचण्या

साध्या पाण्याने चाचणी करू नका. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. ते साबणासारखं काम करतं, म्हणूनच तंगाजवळ आणि मांड्यांच्या मध्ये घासलेल्या घामाचा पांढरा फेस होतो. हा घाम कापडात साध्या पाण्यापेक्षा सहज शिरतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब घालून नकली घाम तयार करा.

थेंब. पॅडची आतली बाजू वर करून त्यावर ५ मिलिलिटर ओता. चांगल्या अस्तरात ते काही सेकंदांत शिरतं आणि डाग तळहाताएवढा पसरतो. मणी होऊन घरंगळलं तर नव्या कापडावर लेप असू शकतो. एकदा धुऊन परत बघा.

वात. पॅडची एक कड २ सेंटीमीटर बुडेल अशी टांगा. दहा मिनिटांनी कोरडा टिश्यू पेपर वरून खाली दाबत जा आणि ओल किती चढली ते मोजा. आडवी वाट किती मोकळी आहे, हे या चाचणीइतकं सरळ दुसरं काही सांगत नाही. दोन पॅडची तुलना शेजारी शेजारी टांगूनच करा.

दाब. ७० किलोचा स्वार आणि ८ किलोचं जीन, गाद्यांचं क्षेत्र साधारण १,२०० चौरस सेंटीमीटर, असं धरलं तर सरासरी दाब चौरस सेंटीमीटरला ६५ ग्रॅमच्या आसपास येतो. दुडकीत प्रत्येक पावलाला तो दुपटीच्या घरात जातो. १० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा लाकडी ठोकळा पॅडवर ठेवा, त्यावर आधी ७ आणि मग १४ किलो वजन चढवा आणि प्रत्येक वेळी जाडी मोजा. १४ किलोखाली मूळ जाडीच्या निम्म्याहून जास्त उरली तर उत्तम. वजन काढल्यावर मिनिटभरात जाडी परत यायला हवी. हीच चाचणी पॅड भिजवून पुन्हा करा. जाळी आणि फोम यांची खरी ओळख ओल्यातच होते.

सुकणं. पॅड भिजवा, पिळून किंवा मशीनमध्ये फिरवून सावलीत टांगा आणि दर तासाला वजन घ्या. दुसऱ्या दिवशी जीन चढवायच्या वेळेपर्यंत ते मूळ वजनावर आलं नाही, तर तुमच्या हवेत त्या प्रकारची दोन किंवा तीन पॅड लागणार.

घोड्यावर पडताळणी

एका दिवशी एक पॅड, दुसऱ्या दिवशी दुसरं, मात्र घोडा, स्वार, जीन आणि वेळ तीच ठेवा. १० मिनिटं चाल, १५ मिनिटं दुडकी, ५ मिनिटं चाल एवढं काम पुरतं. आधी आणि नंतर पॅडचं वजन करा. ३०० ग्रॅम वाढ म्हणजे सुमारे ३०० मिलिलिटर घाम पॅडमध्ये आहे. हा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. वजन वाढलं पण पाठ नुसती ओलसर आहे, कडा ओल्या आहेत, तर पॅड काम करतंय. वजन फारसं वाढलं नाही आणि पाठीवरून घाम ओघळतोय, तर घाम कातडीवरच अडकला होता.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर जीन उतरवल्यापासून ३० सेकंदांच्या आत मोजा. केस फाकवून, उंचवट्यामागे डावी-उजवीकडे आणि गादीच्या मागच्या टोकाखाली डावी-उजवीकडे, अशा चार जागा ठरवून घ्या. उशीर झाला तर बाष्पीभवन सुरू होतं आणि आकडा खोटा पडतो.

मग घामाचा नकाशा वाचा. दोन्ही बाजूंना सारखी ओल आणि कण्यावर कोरडी रेघ, हे चांगलं चित्र. ओल्या पट्ट्याच्या मध्येच कोरडा, चपट्या केसांचा ठिपका दिसला तर तिथे इतका दाब आहे की घर्मग्रंथी दबल्या. अर्ध्या तासाने तिथे सूज येते का, घोडा बोट लावल्यावर अंग आक्रसतो का, ते बघा. दुर्लक्ष झालं तर त्याच जागी पुढे पांढरे केस उगवतात आणि ते बहुधा कायमचे राहतात. कोरड्या जागेवरचे केस मात्र अजिबात न दबता जसेच्या तसे उभे असतील तर तिथे जीन टेकतच नाही. या दोन्ही दुखण्यांवर पॅड बदलणं हा उपाय नाही, जीन बसवून देणाऱ्या जाणकाराला दाखवावं लागतं. केस उलट दिशेला विस्कटलेले आणि टोकं तुटलेली दिसली तर पॅड सरकतंय.

कोणत्या कामाला काय

मैदानातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या सरावाला पातळ सूत किंवा घाम ओढणारं पॉलिएस्टर पुरे. कोरड्या, वारा असलेल्या हवेत लांब रपेट असेल तर पन्हळीशी कमानदार कापलेला शुद्ध लोकरीचा नमदा घ्या. दमट हवेत बाष्पीभवनच मंद असतं, तिथे जास्त पाणी धरणाऱ्या कापडापेक्षा लवकर सुकणारी जाळी किंवा पातळ लोकर अधिक उपयोगी, आणि मध्यंतरात बदलायला कोरडं पॅड जवळ हवंच. एकावर एक तीन थर चढवणं कोणत्याच हवेत करू नका.

हवा कितपत धोक्याची आहे याचा एक जुना ठोकताळा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज. १३० च्या खाली काळजी नाही, १५० च्या वर काम कमी करा, १८० च्या वर घोड्यावर काम लादू नका. ३५ अंश सेल्सिअस म्हणजे ९५ फॅरनहाइट. आर्द्रता ७० टक्के असेल तर बेरीज १६५ होते. अशा दिवशी पॅडची निवड फार पुढची गोष्ट झाली, आधी रपेटच आखूड करा.

तंगाकडेही लक्ष द्या. पॅड लोकरीचं आणि तंग निओप्रीनचा असेल तर कोपरामागची कातडी तिथे भाजल्यासारखी लाल होते. पॅडला लावलेल्या चाचण्या तंगालाही लावा.

धुणं आणि निवृत्ती

घाम सुकला की मीठ आणि प्रथिनं मागे राहतात. मिठाचे कडक स्फटिक केस घासतात, आणि प्रथिनांचा थर तंतूंमधल्या फटी बुजवतो. चांगलं पॅड महिन्याभरात ‘काम करेनासं’ होतं त्याचं कारण बहुतेक हेच असतं. प्रत्येक रपेटीनंतर पॅड उलटं करून सावलीत टांगा, सुकल्यावर कडक ब्रशने केस झाडा. सुती आणि पॉलिएस्टर पॅड रोजच्या घामात तीन-चार वापरांनी धुवा. कापड मऊ करणारं द्रव्य कधीही घालू नका. ते तंतूंवर लेप चढवतं आणि घाम ओढणं थांबवतं. साबण नेहमीच्या निम्मा घाला आणि दोनदा खळबळा, कारण उरलेला साबण घामाबरोबर कातडीवर उतरतो.

नमदा थंड पाण्याच्या फवाऱ्याने, लोकरीच्या सौम्य साबणाने, न चोळता धुवा आणि आडवा सुकवा. गरम पाणी आणि घुसळण यांनी तो आटतो आणि दगडासारखा होतो. कातड्याच्या पॅडला लोकरीसाठीचा शाम्पू वापरा, ३० अंशांपुढे जाऊ नका आणि उन्हात वाळवू नका. मागचं चामडं तडकतं. प्रत्येक घोड्याचं पॅड वेगळं ठेवा. गजकर्णासारखे रोग दमट पॅडमधून एका पाठीवरून दुसरीवर सहज जातात.

तळहाताने पॅड चाचपताना एखादी जागा कडक किंवा बाजूच्यापेक्षा पातळ लागली, वातीच्या चाचणीत ओल पूर्वीच्या निम्मीच चढली, किंवा दाब काढल्यावर जाडी परत आली नाही, तर ते पॅड जिनाखाली पुन्हा घालू नका. तबेल्यात जीन ठेवायचा दांडा झाकायला ते अजून बरीच वर्षं चालेल.